वाचक विचारतात: शनिवारी बंद राहणारं बंदर

मागच्या अंकात ग्रीसवरच्या लेखात एक वाक्य होतं, थेसलोनिकी म्हणजे जुनं सलोनिका हे एके काळी ज्यूंचं शहर होतं, बस एवढंच, आणि त्या एका वाक्यावर ठाणे-नवी मुंबईतून इतके प्रश्न आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. पत्रं थोडी काटछाट करून आणि नावं काढून छापतेय.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला जाताना रोज टेंभी नाक्यावरून जाते, तिथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बाहेरून बघितलंय. आपल्याकडे ज्यू म्हणजे मूठभर लोक. मग "ज्यूंचं शहर" हे अक्षरशः घ्यायचं का? – वर्तकनगर, ठाणे

उत्तर: अगदी अक्षरशः घे. १९१२ला हे शहर तुर्कांकडून ग्रीसकडे गेलं आणि पुढच्या वर्षी ग्रीक सरकारनं माणसं मोजली, तेव्हा साधारण १,५८,००० लोकसंख्येत ६१,०००च्या वर ज्यू, ४६,०००च्या आसपास मुस्लिम आणि ग्रीक ४०,०००च्या आसपास. म्हणजे जिंकून घेणारे ग्रीक तिसऱ्या नंबरवर. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या शहरात असं चित्र इतकी शतकं टिकलेलं मला तरी माहीत नाही.

हे झालं कसं, तर त्यासाठी स्पेनला जावं लागेल. १४९२च्या मार्चमध्ये फर्डिनांड आणि इसाबेला या राजाराणीनं फर्मान काढलं की ज्यूंनी ख्रिश्चन व्हावं नाहीतर जुलै संपायच्या आत देश सोडावा. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले डॉक्टर, विणकर, छपाईवाले, साधे कारागीर, सगळे बाहेर. ऑटोमन सुलतान दुसरा बायेझिद यानं त्यांना आपल्या राज्यात येऊ दिलं. सलोनिकात आधीही ज्यू होते, थेट रोमन काळापासून होते आणि ते ग्रीक बोलायचे, पण तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) जिंकल्यावर ते शहर वसवायला या लोकांना तिकडे हलवलं, त्यामुळे १४७८च्या तुर्की नोंदवहीत सलोनिकात एकही ज्यू दिसत नाही. आणि पुढे १५१९च्या नोंदीत? निम्म्याहून जास्त शहर ज्यू! चाळीस वर्षांत एवढा फरक.

आणि आलेले लोक आपापलं गाव सोबत घेऊनच आले. सिनेगॉगची नावं बघ – आरागॉन, कॅस्टील, कॅटलान, लिस्बन, सिसिली, मायोर्का. प्रत्येकाचा रब्बी म्हणजे धर्मगुरू वेगळा, देणगीची पेटी वेगळी, भांडणंही वेगळी. मुंबईत गाववाल्यांची मंडळं असतात ना, एका गावची माणसं एका खोलीत, एका भिशीत, तसंच हे, फरक एवढाच की यांना गावी परत जायचा रस्ता कायमचा बंद होता.

प्रश्न: माझे वडील एपीएमसी मार्केटात माथाडी होते. आम्ही लहानपणापासून ऐकलंय की ज्यू म्हणजे व्यापारी नाहीतर बँकवाले. सलोनिकाचे ज्यू पण तसेच का? – तुर्भे, नवी मुंबई

उत्तर: तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण सलोनिकाची खरी ओळखच मुळी हमाल. होय, पाठीवर ओझं वाहणारे हमाल, आणि त्यांना तिथेही हमालच म्हणायचे, शब्द अरबीतून तुर्कीत गेला आणि आपल्याकडेही आला. बंदरातली बोट रिकामी करणारे, छोट्या होड्यांतून माल किनाऱ्याला आणणारे, कस्टमच्या गोदामात पेट्या लावणारे, हे बहुतेक ज्यू. त्यांच्या टोळ्या ठरलेल्या असायच्या, काम बापाकडून मुलाकडे जायचं आणि बाहेरच्या माणसाला टोळीत सहजासहजी शिरकाव नसायचा.

याचा परिणाम असा की शनिवारी, शब्बाथला म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, अख्खं बंदर बंद. कुठल्याही देशाची बोट असू दे, कप्तान ख्रिश्चन असू दे नाहीतर मुस्लिम, माल उतरायचा तो रविवारी. बाजारही बंद, पोस्टाचं कामही ढिलं. शतकानुशतकं हे चाललं, मग १९२४मध्ये ग्रीक सरकारनं रविवारची सुट्टी सक्तीची केली तेव्हा थांबलं. ज्यू दुकानदाराला आता धर्म पाळायचा तर आठवड्यातले दोन दिवस दुकान बंद ठेवावं लागणार, ते कुणाला परवडणार?

श्रीमंत होते, नाही असं नाही. आलातिनी कुटुंबाची पिठाची गिरणी होती, मोदियानोंसारखी बँकवाली घराणी होती, समुद्राकाठी त्यांचे बंगले होते. आणि त्याआधी, सोळाव्या शतकात, या शहराचं लोकरी कापड सुलतानाच्या जानिसारी फौजेच्या गणवेशाला जायचं, ज्यू समाजाचा करच मुळी कापडात भरला जायचा. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहर उभं होतं ते हमाल, कोळी, आणि तंबाखूच्या कारखान्यात पानं निवडणाऱ्या पोरींवर. त्या पोरी कमी वयात कामाला लागायच्या, हुंडा जमवायचा म्हणून, आणि संपातही पुढे असायच्या. १९०९मध्ये इथे कामगारांची एक सोशालिस्ट संघटना उभी राहिली, फेडेरासियोन, तिचा पुढारी आव्राम बेनारोया हा बल्गेरियातून आलेला ज्यू, आणि त्यांनी आपलं वर्तमानपत्र चार भाषांत काढलं. ज्यू, बल्गेरियन, ग्रीक, तुर्की अशा सगळ्या कामगारांनी एकत्र यावं हा त्यामागचा विचार. त्या काळात बाल्कनमध्ये प्रत्येक जण दुसऱ्याच्या गळ्यावर सुरी ठेवून होता, तिथे हे फार मोठं धाडस होतं असं मला वाटतं.

अजून एक गोष्ट सांगते. पुढे इस्रायलचे पहिले पंतप्रधान झालेले बेन गुरियन १९११मध्ये तुर्की शिकायला सलोनिकात येऊन राहिले होते आणि तिथले धिप्पाड ज्यू हमाल बघून चकित झाले. १९३०च्या दशकात पॅलेस्टाइनमधल्या हायफाचं नवीन बंदर चालवायला माणसं हवी होती तेव्हा मुद्दाम सलोनिकाच्या हमालांना कुटुंबासकट तिकडे नेलं. त्या वेळी जे गेले ते वाचले.

प्रश्न: आपल्या ठाण्याचे, अलिबागचे बेने इस्रायल ज्यू आणि हे सलोनिकाचे लोक एकच का? – चरई, ठाणे

उत्तर: नाही, मूळ वेगळं. बेने इस्रायल कोकणात कधी आले याबद्दल त्यांची परंपरा फार जुना काळ सांगते, नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, वाचलेली माणसं तिथे राहिली, तेल गाळायला लागली, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. घरची भाषा मराठी, आडनावं केहिमकर, पेणकर, दिवेकर. सलोनिकावाल्यांच्या घरची भाषा लादिनो, म्हणजे पंधराव्या शतकातलं स्पॅनिश, जे त्यांनी तुर्की राज्यात चारशे वर्षं जपलं, त्यात हिब्रू, तुर्की, थोडं ग्रीक मिसळत गेलं आणि लिहायचे मात्र हिब्रू अक्षरांत. आया झोपाळ्यावर मुलांना जी गाणी म्हणायच्या त्यात स्पेनमधले राजे आणि राजकन्या यायच्या, जो देश त्या आयांनीच काय, त्यांच्या पणज्यांनीही बघितलेला नव्हता.

पण धागा जुळतो, आणि तो मजेदार आहे. स्पेनमधून निघालेल्यांतले काही जण फिरत फिरत कोचीनलाही पोचले, तिथलं परदेशी सिनेगॉग १५६८चं. कोचीनचे शिक्षक पुढे कोकणात येऊन बेने इस्रायलांना हिब्रू आणि प्रार्थना शिकवायला लागले, त्यामुळे आपल्याकडची प्रार्थनेची पद्धत सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या वळणाची. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६मध्ये बांधलं आणि ठाण्याचं शार हाशामाईम १८७९चं. आणि शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या स्वागताला जगभरातल्या सिनेगॉगांत, आपल्या ठाण्यातसुद्धा, जे लेखा दोदी हे गीत म्हणतात, ते रचणारे श्लोमो अल्काबेत्झ हे सोळाव्या शतकातले सलोनिकाचे, पुढे ते आजच्या इस्रायलमधल्या सफेद नावाच्या गावी जाऊन राहिले. टेंभी नाक्यावर तुम्ही शुक्रवारी दिवेलागणीला उभे असाल तर ते शब्द कानावर पडू शकतात.

प्रश्न: ताई, तुम्ही इतिहासच सांगत बसता. खातात काय ते सांगा! – कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर: सांगते! शब्बाथला चूल पेटवायची नाही म्हणून शनिवारचं सगळं शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत चुलीवर चढवायचं आणि मंद आचेवर रात्रभर ठेवायचं. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध अंडी. मोठ्या भांड्यात तळाला कांद्याची सुकी सालं भरपूर पसरायची, त्यावर अंडी, पाणी, वरून थोडं तेल म्हणजे पाणी लवकर आटत नाही, कुणी कुणी कॉफीचा गाळही टाकतं. सकाळपर्यंत कवच गडद तपकिरी होतं आणि आत पांढरा भागसुद्धा बदामी रंगाचा, चव थोडी धुरकट. सकाळी पुरुष मंडळी सिनेगॉगमधून आली की ही अंडी आणि बोरेका, म्हणजे वांगं नाहीतर चीज भरलेल्या करंज्याच म्हणा. कांद्याची सालं आपण रोज टाकून देतो, एकदा करून बघा, गॅस अगदी बारीक ठेवा आणि पाण्यावर लक्ष ठेवा.

बाकी मग लीक नावाच्या कांद्याच्या पातीसारख्या भाजीचे वडे, आंबट आलुबुखारच्या रसातले मासे, बीन्सची उसळ, आणि पाहुणा आला की चांदीच्या ताटलीत गुलाबाचा नाहीतर कुठल्यातरी फळाचा मुरांबा, सोबत पाण्याचा ग्लास. आपल्या बेने इस्रायल घरात मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून सगळं नारळाच्या दुधावर निभावतं, नवीन वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला. तिकडे नारळ नाही, तिकडे ऑलिव्हचं आणि तिळाचं तेल.

प्रश्न: एवढी मोठी वस्ती होती तर मग सगळं नाझींनीच संपवलं का, की आधीच उतरती कळा लागली होती? – ऐरोली

उत्तर: आधीच लागली होती. १९१७च्या ऑगस्टमध्ये एका घराच्या स्वयंपाकघरातून आग लागली, वारा जोराचा, पाणी कमी, आणि शहराचा मध्यभाग राख झाला. सुमारे ७०,००० माणसं बेघर, त्यातली ५०,०००च्या आसपास ज्यू. सिनेगॉग, शाळा, ग्रंथालयं, जुने हस्तलिखित कागद, गेले. सरकारनं फ्रेंच आर्किटेक्ट आणून नवीन आखणी केली पण लोकांना स्वतःच्या जागेवर परत बांधायला मिळालं नाही, प्लॉट लिलावात गेले आणि गरीब ज्यू शहराच्या कडेच्या बराकींत फेकले गेले. रीडेव्हलपमेंटमध्ये जुना भाडेकरू कुठे जाऊन पडतो ते ठाण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मग १९२३ला ग्रीस-तुर्कस्तानची लोकसंख्येची अदलाबदल झाली, मुस्लिम गेले आणि आशिया मायनरचे म्हणजे तुर्कस्तानातले ग्रीक निर्वासित मोठ्या संख्येनं आले, त्यांनाही घर हवं, काम हवं, आणि १९३१मध्ये कँपबेल नावाची गरीब ज्यूंची वस्ती जमावानं जाळली. खूप जण पॅरिसला गेले, काही पॅलेस्टाइनला. तरी दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ५०,०००च्या आसपास लोक तिथेच होते.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे, इतिहास शिकवायचो. एक प्रश्न नेहमी पडतो, विचारायला संकोच वाटतो. नाझींच्या छावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांत सलोनिकाची हजारो माणसं निमूटपणे कशी बसली? पळाली का नाहीत? – नेरुळ, नवी मुंबई

उत्तर: सर, संकोच नको, पण "निमूटपणे" या शब्दाशी मी सहमत नाही आणि का ते जरा सविस्तर सांगते.

जर्मन फौज ९ एप्रिल १९४१ला शहरात आली. सुरुवातीला गाड्या नव्हत्या, भूक होती, पहिल्याच हिवाळ्यात उपासमारीनं माणसं मेली. ११ जुलै १९४२, शनिवार मुद्दाम निवडलेला, १८ ते ४५ वयाच्या ज्यू पुरुषांना एलेफ्थेरियास चौकात बोलावलं, ९,००० माणसं, भर उन्हात तासन्‌तास उभी, टोपी घालायची नाही, कवायत करायला लावली, कुत्री सोडली, आणि बाल्कनीतून बघणारे फोटो काढत होते. मग सक्तीची मजुरी, रस्ते आणि धावपट्ट्या. ती माणसं सोडवायला समाजानं प्रचंड खंडणी भरली, घरातलं होतं नव्हतं ते विकून. म्हणजे विचार करा, माणसं पैसे भरून घरी आली होती, आता यापुढे सुटलो असं कुणालाही वाटेल.

डिसेंबर १९४२मध्ये त्यांचं कब्रस्तान तोडलं. तीन लाखांच्या वर थडगी होती तिथे, स्पेनहून आलेल्या पहिल्या पिढीपासूनची. शहरातल्या अधिकाऱ्यांना ती जागा आधीपासून हवीच होती, जर्मनांनी परवानगी दिली आणि मजूर कुदळी घेऊन आले. संगमरवरी दगड बांधकामाला गेले, फरसबंदीला गेले, चर्चच्या दुरुस्तीला गेले, जर्मन सैनिकांच्या पोहण्याच्या तलावालाही लागले. नातेवाईक हाडं गोळा करायला धावत होते.

फेब्रुवारी १९४३मध्ये आइखमनची, म्हणजे ज्यूंना छावण्यांत धाडायची व्यवस्था बघणाऱ्या नाझी अधिकाऱ्याची, माणसं आली, व्हिस्लिसेनी आणि ब्रुनर. ज्यूंच्या कपड्यांवर पिवळा तारा, घेट्टो म्हणजे त्यांना कोंडायची वेगळी वस्ती, मालमत्तेची यादी, सगळं काही आठवड्यांत. रेल्वे स्टेशनजवळच्या बॅरन हिर्श वस्तीला कुंपण घातलं, तिथे लोकांना आणून ठेवायचं आणि तिथून गाडीत भरायचं. १५ मार्चला पहिली गाडी निघाली. त्यांना सांगितलं होतं की पोलंडमध्ये क्राकोला नवीन वसाहत मिळणार आहे, ग्रीक चलन ड्रॅक्मा घेऊन पोलिश पैशाची कागदं हातात दिली होती, ती खोटी. घेट्टोमध्ये घाईघाईनं लग्नं लागत होती कारण जोडप्याला तिकडे स्वतःचं घर मिळेल अशी अफवा होती. सर, नवीन घराच्या आशेनं लग्न करणारी पोरं निमूटपणे मरायला चाललेली नव्हती, त्यांना फसवलं होतं.

पळायचं म्हटलं तरी कसं? घरं मोठी, आजी-आजोबा, लहान पोरं, एकट्यानं डोंगरात जायचं म्हणजे बाकीच्यांना टाकून जायचं. काही तरुण तसे गेले, जर्मनांशी डोंगरातून लढणाऱ्या पार्टिझान टोळ्यांत लढले. मोठ्या वयाच्यांचं ग्रीक लादिनोच्या हेलातलं, तोंड उघडलं की ओळखू येणार. खोटी कागदपत्रं महाग, लपवणारं ग्रीक कुटुंब ओळखीचं हवं, आणि ज्या शहरात एके काळी आपलीच माणसं निम्मी होती तिथे बाहेरच्या घरात अशी घट्ट ओळख असतेच असं नाही. मुख्य रब्बी झ्वी कोरेत्झ यांनी लोकांना शांत राहायला सांगितलं, त्यांच्यावर आजही कडक वाद आहे आणि मला त्यांना एका वाक्यात दोषी ठरवणं पटत नाही, पण त्यांच्या बोलण्यानं लोक थांबले हेही खरं. झाकिन्थोस बेटावर बिशप आणि महापौरांनी जर्मनांनी मागितलेल्या ज्यूंच्या यादीत फक्त आपली दोन नावं लिहून दिली आणि बेटावरचे २७५ ज्यू वाचले, ही गोष्ट खरी आहे आणि फार मोठी आहे, पण २७५ माणसं डोंगरातल्या गावांत लपवता येतात, ५०,००० नाही.

ऑगस्टपर्यंत एकोणीस गाड्या गेल्या, सुमारे ४६,००० माणसं पोलंडमधल्या ऑशविट्झच्या मृत्यूछावणीला, आणि बहुतेकांना पोचल्या दिवशीच गॅस चेंबरमध्ये मारलं. स्पॅनिश नागरिकत्व असलेले ३६७ जण जर्मनीतल्या बेर्गन बेलसन छावणीत नेले आणि तिथून १९४४मध्ये स्पेनला पोचले, ज्या देशानं पूर्वजांना हाकललं त्याच देशाच्या कागदानं जीव वाचला. आणि प्रतिकाराचं म्हणाल तर ऑक्टोबर १९४४मध्ये ऑशविट्झच्या सोंडरकोमांडोनं, म्हणजे गॅस चेंबरमधली प्रेतं हलवायला जुंपलेल्या कैद्यांनी, उठाव केला त्यात ग्रीसचे ज्यू होते. युद्धानंतर शहरात २,०००पेक्षा कमी ज्यू उरले. परत आलेल्यांच्या घरात दुसरी कुटुंबं राहत होती.

म्हणून मी वर आधी हमाल सांगितले, अंडी सांगितली, गाणी सांगितली. सलोनिकाची गोष्ट बहुतेक ठिकाणी १९४३च्या स्टेशनवर सुरू होते, त्याचा मला त्रास होतो, साडेचारशे वर्षं त्या लोकांनी एक शहर चालवलं ते आधी कळलं तरच काय गेलं ते कळतं.

प्रश्न: सप्टेंबरमध्ये ग्रीसला जातोय. टूरवाले अथेन्स आणि सँटोरिनीच दाखवतात. थेसलोनिकीला दोन दिवस काढले तर यातलं काय बघायला मिळेल? – घणसोली

उत्तर: नक्की काढा. आयू मिना रस्त्यावर ज्यू म्युझियम आहे, २००१मध्ये सुरू झालेलं, तिथे तळमजल्यावर त्या कब्रस्तानातले वाचलेले दगड ठेवलेत आणि शेजारी जुने फोटो, कबरींमध्ये बसलेल्या बायकांचे. दगडांजवळ जाऊन बघा, कडा तुटलेल्या, काहींवर नंतरच्या बांधकामाच्या खुणा, आणि मध्येच हिब्रू अक्षरांची ओळ एकदम स्वच्छ. शनिवार सोडून जा. सिंग्रू रस्त्यावरचं मोनास्तिर सिनेगॉग १९२७चं, युद्धात रेड क्रॉस ते वापरत होतं म्हणून उभं राहिलं, पण आत जायचं तर आधी ज्यू समाजाच्या ऑफिसला कळवा आणि पासपोर्ट जवळ ठेवा.

एलेफ्थेरियास चौकात ज्वाळांतल्या मेनोराचं, म्हणजे ज्यूंच्या सात फांद्यांच्या दिव्याचं, स्मारक आहे. कब्रस्तानाच्या जागेवर आता अ‍ॅरिस्टॉटल युनिव्हर्सिटी आहे, आणि तिथे स्मारक उभं राहायला २०१४ उजाडावं लागलं, त्याबद्दल त्या शहराला दोष द्यायलाच हवा. जेवायला मोदियानो मार्केटला जा, एली मोदियानो या ज्यू आर्किटेक्टनं बांधलेलं, दुरुस्त होऊन २०२२मध्ये परत उघडलंय. येनी जामी बघा, १९०२ची मशीद, साबाताई झ्वी या स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या आणि पुढे मुसलमान झालेल्या सतराव्या शतकातल्या ज्यूच्या नादानं मुसलमान झालेल्या ज्यूंच्या वंशजांनी बांधलेली, आत-बाहेर नीट बघितलीत तर दाविदाच्या ताऱ्याची, ज्यूंच्या सहा टोकी चिन्हाची, नक्षी सापडेल. तिथून पुढे वासिलिसिस ओल्गास रस्त्याला जुने ज्यू बंगले आहेत, त्यातल्या व्हिला आलातिनीत पदच्युत सुलतान दुसरा अब्दुल हमीद नजरकैदेत होता. हे बंगले एकमेकांपासून बरेच लांब आहेत, चालत करू नका, बसनं जा आणि सकाळी लवकर निघा.